मनोविकारांवरील औषधे आणि गावाची साथ

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि ग्रामपातळीवरील शासकीय कर्मचारी यांच्यासाठी छत्रपती संभाजीनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय १९५६ साली स्थापन झाले. त्याचे कागदोपत्री नाव क्वचितच कोणी घेते. सारा मराठवाडा त्याला ‘घाटी’ म्हणतो. जालना, बीड, परभणीपासून शेजारच्या बुलढाण्यापर्यंतची माणसे पहाटेच्या एस.टी.ने निघून येथे येतात. मनोविकारांच्या बाह्यरुग्ण विभागात अशी माणसे पुष्कळ दिसतात. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत जुन्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची अर्धवट संपलेली पाकिटे, बाजूला खाली मान घालून बसलेला तरुण मुलगा किंवा शून्यात पाहणारी सून. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो औषध चालू आहे का, हा. आणि बहुतेक वेळा उत्तर येते, “बरं वाटत होतं, म्हणून बंद केलं, साहेब.”

या एका वाक्यात आजच्या विषयाचे सार आहे. मनोविकारांवर औषध नाही, हा समज आता पुष्कळसा मागे पडला आहे. औषध आहे, ते गुणकारी आहे आणि शासकीय रुग्णालयात ते विनामूल्य मिळण्याची तरतूदही आहे. साखळी तुटते ती औषध सुरू झाल्यानंतर दुसऱ्या वा तिसऱ्या महिन्यात, रुग्णाच्या घरात. तेथे डॉक्टर नसतो. तेथे असतात ते शेजारी, शिक्षक, आशा कार्यकर्ती, ग्रामसेवक आणि पंचायतीचे सदस्य.

ही औषधे मुळात आली कोठून, हे थोडे पाहिले पाहिजे. कारण ती परदेशातून आलेली, आपल्या प्रकृतीला न मानवणारी आहेत, असे अनेकजण मानतात. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे वैद्य-हकीमांना पिढ्यानपिढ्या ठाऊक होती. उन्माद झालेल्या माणसाला तिची मुळी देत असत. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी १९३१ साली तिच्या या गुणांविषयी, आणि रक्तदाब उतरविण्याच्या गुणाविषयीही, शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. पुढे १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपले सर्पगंधेचे अनुभव ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडले आणि साऱ्या जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि लवकरच अमेरिकेतील मनोरुग्णालयांत ते दिले जाऊ लागले.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये दुसरी घटना घडत होती. १९५० च्या अखेरीस तेथे क्लोरप्रोमझीन हे द्रव्य तयार झाले. आंरी लाबोरी या शल्यचिकित्सकाच्या असे ध्यानात आले की, शस्त्रक्रियेपूर्वी ते दिलेला रुग्ण झोपत नाही, शुद्धीवर असतो, परंतु त्याची अस्वस्थता ओसरते. १९५२ मध्ये पॅरिसच्या एका मनोरुग्णालयात डले आणि डेनिकर या डॉक्टरांनी ते तीव्र मनोविकाराच्या रुग्णांना दिले. वर्षानुवर्षे ओरडत असलेले, भिंतीशी बोलत असलेले रुग्ण समोरच्या माणसाशी बोलू लागले. १९५७ साली अमेरिकेतील लास्कर पारितोषिक ज्यांना देण्यात आले, त्यांत लाबोरी आणि डेनिकर यांच्याबरोबर मुंबईच्या डॉ. वकिलांचेही नाव होते. मनोविकारांवरील आधुनिक औषधांच्या जन्मकथेत महाराष्ट्राचा असा वाटा आहे आणि तो आपल्या पाठ्यपुस्तकांतून सहसा आढळत नाही, याची खंत वाटते. पुढे अधिक परिणामकारक औषधे आल्यामुळे मनोविकारांसाठी रिसर्पीनचा वापर मागे पडला. म्हणून आज कोणी सर्पगंधेचे चूर्ण आणून घरच्या घरी रुग्णाला देऊ नये, हे येथेच सांगितलेले बरे. ते रक्तदाब धोक्याच्या पातळीपर्यंत उतरवू शकते.

या औषधांपूर्वी काय होते, याची कल्पना आजच्या पिढीला नाही. महाराष्ट्रातील नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा येथील चार जुनी मनोरुग्णालये ब्रिटिश अमदानीतील आहेत. त्यांपैकी एकही मराठवाड्यात नाही. त्यांच्या उंच भिंती पाहिल्या म्हणजे त्या काळी उपचारापेक्षा बंदोबस्तालाच महत्त्व होते, हे ध्यानात येते. कायद्याची भाषाही तशीच होती. १९१२ च्या कायद्याच्या नावातच ‘वेडेपणा’ हा शब्द होता आणि तो कायदा १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यापर्यंत टिकला. औषधांनी मोठी गोष्ट केली ती ही की, रुग्णाला भिंतीबाहेर, आपल्या घरात, आपल्या शेतावर राहून बरे होता येऊ लागले. मात्र भिंतीआड औषध वेळेवर देण्याचे काम परिचारिका करीत होती. घरी ते कोणी करावयाचे, हा प्रश्न त्यामुळेच उभा राहिला आणि तो अजून पुरता सुटलेला नाही.

आता औषध बंद का होते, ते पाहू.

पहिले कारण औषधाच्या गुणधर्मातच आहे. ताप उतरविणारी गोळी तासाभरात आपला गुण दाखविते. उदासीनतेच्या आजारावरील औषधाचा गुण दिसू लागण्यास दोन ते चार आठवडे लागतात, पुरता परिणाम दिसण्यास त्याहूनही अधिक. मात्र तोंड कोरडे पडणे, मळमळणे, पेंग येणे हा त्रास पहिल्याच आठवड्यात सुरू होतो. म्हणजे त्रास आधी आणि गुण नंतर. हे आधी कोणी समजावून सांगितले नसेल, तर दहाव्या दिवशी गोळ्या कोनाड्यात पडल्या, यात रुग्णाचा दोष काय? बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत डॉक्टरला हे प्रत्येकाला सांगण्यास वेळ मिळत नाही, हे कबूल केले पाहिजे. ते काम गावातील जाणत्या माणसाला करता येईल. त्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही.

दुसरे कारण याच्या उलट आहे. औषधाचा गुण येतो आणि रुग्ण बरा दिसू लागतो. मग घरात विचार सुरू होतो की, आता चांगला आहे, कामाला जातो, कशाला रोज विष पोटात घालायचे? छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, या आजारात कानी आवाज येणे, कोणी आपल्यावर पाळत ठेवून आहे असे वाटणे ही लक्षणे औषधाने शमतात. परंतु ती शमली म्हणजे आजार मुळासकट गेला असे नव्हे. या संदर्भात ६५ चाचण्यांचा एकत्र आढावा २०१२ साली प्रसिद्ध झाला. औषध चालू ठेवलेल्यांपैकी वर्षभरात २७ टक्के रुग्णांचा आजार उलटला, तर औषधाऐवजी नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्यांत हे प्रमाण ६४ टक्के होते. आणि आजार उलटला की तो केवळ पूर्वीच्या ठिकाणी येऊन थांबत नाही. नोकरी जाते, शाळा सुटते, सोयरीक मोडते आणि प्रत्येक वेळी सावरणे अधिक कठीण होत जाते. म्हणून पहिल्या झटक्यानंतरही बरे वाटू लागल्यावर निदान एक-दोन वर्षे औषध चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो. वारंवार झटके आलेल्यांना ते त्याहून दीर्घकाळ, कधी आयुष्यभर घ्यावे लागते. उदासीनतेच्या पहिल्या आजारात ही मुदत पुष्कळ कमी, बरे वाटू लागल्यापासून साधारण सहा ते नऊ महिने असते. औषध बंद करावयाचे झाल्यास ते डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळू कमी करीत न्यावयाचे असते. एके दिवशी पाकीट फेकून देऊन नव्हे.

तिसरे कारण मात्र थोडे खोलात जाऊन सांगणे आवश्यक आहे. हॅलोपेरिडॉलसारखे औषध सुरू केल्यानंतर पहिल्या काही दिवसांत, विशेषतः तरुण रुग्णाची, मान अचानक एका बाजूला वळते, जबडा आवळला जातो, डोळे वर चढतात. दृश्य भयंकर दिसते. घरच्यांनी ते पाहिले की त्यांच्या मनात एकच गोष्ट येते, ती म्हणजे बाहेरची बाधा. मग चौकात उतारा टाकला जातो, कोणी अंगारा आणतो आणि गोळ्या कायमच्या बंद होतात. वास्तविक हा औषधाचा सर्वांना ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे. त्यावर वैद्यकाकडेही उतारा आहेच, एक साधे इंजेक्शन. ते दिले की थोड्याच वेळात मान सरळ होते. रुग्णाला त्वरित जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन चालू औषधाची चिठ्ठी तेथे दाखविली, तर एक आयुष्य मार्गी लागू शकते. हात थरथरणे, चाल ताठर होणे, वजन वाढणे हेही दुष्परिणाम आहेत. ते सांगितले तर डॉक्टर मात्रा कमी करतात, औषध बदलतात किंवा जोडीला दुसरी गोळी देतात. न सांगता औषध सोडले, तर काहीच करता येत नाही.

आणखी एक रीत घराघरांतून चालते. रुग्ण औषध घेण्यास तयार नसतो, म्हणून आई ते चहात किंवा वरणात चुरून घालते. तिच्या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्याला आधीच आपल्या जेवणात कोणी विष घालते असा संशय आहे, त्याला एके दिवशी पेल्याच्या तळाशी पांढरी पूड दिसते. त्याचा भ्रम आता भ्रम राहत नाही, त्याला पुरावा मिळतो. त्यानंतर तो आईच्या हातचे पाणीही पीत नाही. अशा वेळी दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यावयाचे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन हा मार्ग असतो. रुग्ण शांत असताना त्याला विश्वासात घेऊन, त्याच्या संमतीने तो ठरविता येतो. रोजच्या कटकटीपेक्षा महिन्यातून एक टोचणी बरी, असे म्हणणारे रुग्ण आहेत.

मुलीच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट होतो. डोक्यावर अक्षता पडल्या की सगळे सुरळीत होईल, असे मानून आजार लपवून लग्न उरकले जाते. सासरी गोळ्यांचे पाकीट सापडू नये म्हणून लग्नाच्या आधल्या आठवड्यातच औषध बंद होते. महिन्या-दोन महिन्यांत, आणि पुष्कळदा बाळंतपणानंतर, आजार उसळून येतो. मग त्या मुलीची माहेरी रवानगी होते. गर्भारपणाविषयी येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. व्हॅलप्रोएट हे औषध गर्भाला अपाय करणारे आहे. इतर काही औषधे गर्भारपणातही डॉक्टरच्या देखरेखीखाली चालू ठेवता येतात. म्हणून मूल होऊ देण्याचा विचार होताच डॉक्टरला सांगावयाचे असते. औषध आपणहून बंद करणेही नव्हे आणि मुकाट्याने चालू ठेवणेही नव्हे.

मराठवाड्याच्या उन्हाळ्याशी संबंधित असा एक धोका शहरी पुस्तकांत सहसा ठळकपणे लिहिलेला नसतो. कधी अतिउत्साह, कधी खोल उदासीनता, असा हिंदोळा असलेल्या आजारावर लिथियम हे क्षारवर्गातील औषध दिले जाते. ऑस्ट्रेलियातील जॉन केड या डॉक्टरांनी त्याचा उपयोग १९४९ साली दाखवून दिला. उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांतील अंतर या औषधात फारच थोडे आहे, म्हणून वेळोवेळी रक्त तपासावे लागते. वैशाखात रोजगार हमीच्या कामावर उन्हात घाम गाळणारा माणूस पाणी आणि मीठ कमी घेईल, तर गोळी तीच असूनही रक्तातील लिथियम वाढत जाते. जुलाब लागले तरी तेच होते. अंगदुखीसाठी दुकानातून घेतलेल्या काही वेदनाशामक गोळ्यांनीही ते वाढते. हात जोराने थरथरणे, तोल जाणे, वांती, जीभ जड होणे ही लक्षणे दिसली की दारू प्यायला असेल असे म्हणून दुर्लक्ष न करता तातडीने रुग्णालय गाठले पाहिजे. रोजगार हमीच्या कामाची हजेरी घेणाऱ्याला इतके ठाऊक असले तरी पुरे.

आता एका गैरसमजाचा विचार करू. मानसिक आजाराच्या सर्वच गोळ्या नशेच्या असतात आणि त्यांची सवय लागते, असे सरसकट म्हटले जाते. या समजाला संभाजीनगर शहरात एक कारणही मिळाले आहे. नायट्राझेपामसारख्या झोपेच्या गोळ्यांचा काही तरुण नशेसाठी वापर करतात. त्यांना येथील बोलीत ‘बटन’ म्हणतात आणि त्यांच्या साठ्यावर छापे पडल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून येत असतात. या वर्गातील गोळ्यांची सवय लागते, हे खरे आहे. म्हणूनच त्या थोड्या दिवसांसाठी आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यावयाच्या असतात. औषध विक्रेत्याने त्यांची नोंद वेगळ्या वहीत करून ती वही तीन वर्षे जपून ठेवावी, असा नियम आहे. परंतु छिन्नमनस्कतेवरील किंवा उदासीनतेवरील मुख्य औषधे या वर्गातील नव्हेत. त्यांची नशा होत नाही. एका गोळीच्या बदनामीमुळे दुसरी जीवनदायी गोळी सुटावी, हे दुर्दैव होय.

तसेच प्रत्येक दुःखाला गोळी नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. पीक बुडाले, कर्ज थकले, घरचे माणूस गेले, यामुळे येणारे दुःख हा रोग नव्हे. सौम्य उदासीनतेत सहृदयतेने केलेले समुपदेशन बहुधा पुरेसे ठरते. अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ या उपक्रमात गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन बोलण्यास सुरुवात केली. पूर्वी उदासीनतेने ग्रस्त असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोकच मदत घेत असत. पुढे हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. तेथील कार्यकर्त्यांनी गोळ्या वाटल्या नाहीत. ज्यांना गोळीची गरज होती त्यांना डॉक्टरकडे पोहोचविले आणि इतरांचे म्हणणे ऐकून घेतले. मात्र झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, जगण्यात अर्थ नाही असे माणूस बोलू लागला, तर येईल तसा जाईल म्हणून वाट पाहणे धोक्याचे आहे.

देवस्थानांचा विषय टाळून चालणार नाही. बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी बाबांच्या दर्ग्यासारख्या ठिकाणी सर्व धर्मांची माणसे आपल्या मनोरुग्ण आप्तांना घेऊन श्रद्धेने जातात. त्या श्रद्धेची टवाळी करून कोणाचेही भले झालेले नाही. रुग्णाला दर्शनाला नेणाऱ्या कुटुंबाने बरोबर गोळ्यांचे पाकीटही न्यावे, एवढेच सांगितले तर ते ऐकतात. बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हे मात्र श्रद्धेत बसत नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा ठरविला आहे. तामिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका आश्रयगृहास आग लागली. तेथील मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. पळता न आल्याने २८ जणांचा मृत्यू झाला. साखळी कोणी दुष्टाव्याने बांधली नव्हती. नातेवाइकांनी उपचार होतील या आशेनेच त्यांना तेथे ठेवले होते.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. त्यातील दोन-तीन तरतुदी पंचायतीने ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. अत्यावश्यक औषधांच्या यादीतील मनोविकारांवरील औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व शासकीय रुग्णालयांत सदैव विनामूल्य उपलब्ध असली पाहिजेत, असे हा कायदा म्हणतो. प्रत्यक्षात ‘साठा नाही’ हे उत्तर कधी कधी ऐकावे लागते. त्या वेळी शंभर रुपये भाड्याचे खर्चून आलेला बाप मुकाट्याने परत फिरतो आणि तो महिना औषधाविना जातो. येथे पंचायत सदस्याच्या एका लेखी अर्जाचे मोल फार असते. कारण मागणीची नोंद नसेल तर साठा कमी पडतो, हेही वर कळत नाही. दुसरी तरतूद अशी की, कोणा मनोरुग्णाला घरात कोंडून ठेवल्याचे किंवा त्याची हेळसांड होत असल्याचे दिसल्यास कोणीही पोलीस ठाण्याला कळवू शकतो आणि ठाणे अंमलदाराने ते दंडाधिकाऱ्यांच्या निदर्शनास आणणे बंधनकारक आहे. आणि तिसरी, रुग्णाच्या आजाराची माहिती गुप्त राखण्याचा त्याला हक्क आहे. ग्रामसभेत लाभार्थींची यादी वाचताना कोणाच्या नावापुढे त्याच्या आजाराचा उच्चार होता कामा नये. गावात एकदा नाव झाले की तो माणूस औषध घेण्यासाठी बाहेर पडणेच बंद करतो.

बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत पाहणी केली. त्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नाहीत, असे त्या पाहणीत आढळले. ज्यांना मिळतात, त्यांचे ते टिकत नाहीत, हे वर आलेच आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते. शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर हा क्रमांक लिहिण्यास खडू तेवढा लागतो.

आणि एक तातडीची गोष्ट. दसरा झाला की बीड, जालना आणि या जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. पाच-सहा महिने ती माणसे पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात पालावर राहतात. त्यांतील ज्यांची औषधे चालू आहेत, त्यांची साखळी नेमकी तेथेच तुटते. नव्या ठिकाणी दवाखाना ठाऊक नसतो आणि मुकादम एका दिवसाचा खाडा देत नाही. निघण्यापूर्वी आशा कार्यकर्तीने अशा रुग्णांची भेट घ्यावी, डॉक्टर देतील तितक्या दिवसांची औषधे बरोबर मिळवून द्यावीत, चिठ्ठीची एक प्रत रुग्णाजवळ आणि दुसरी त्याच्या पत्नीजवळ किंवा भावाजवळ ठेवावी आणि कारखान्याजवळच्या ग्रामीण रुग्णालयाचे नाव त्या चिठ्ठीच्या पाठीमागे लिहून द्यावे. या वर्षीच्या टोळ्या निघण्यास फार दिवस उरलेले नाहीत.